बाळाजी तालीम यांचा फकीर

शिर्डीच्या साईबाबांचा चेहरा ओळखत नाही असा माणूस महाराष्ट्रात शोधूनही सापडणार नाही. रिक्षाच्या काचेवर, किराणा दुकानाच्या गल्ल्यामागे, डॉक्टरांच्या दवाखान्यात, लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात तो चेहरा असतो. आमच्या बदलापुरात, कात्रपच्या रस्त्यावर सकाळी शाळेसाठी निघाले की स्टेशन येईपर्यंत तो पाच-सहा वेळा तरी दिसतो. डोक्याला फडके बांधलेले, अंगात लांब कफनी, एक पाय दुसऱ्या पायाच्या गुडघ्यावर टाकलेला आणि नजर समोरच्या माणसावर. ही बैठक बाबांच्या हयातीतल्या एका छायाचित्रातून आली हे बऱ्याच जणांना माहीत असते. पण त्या सपाट छायाचित्राला देह कोणी दिला, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

त्या माणसाचे नाव बाळाजी वसंत तालीम. शिर्डीच्या समाधी मंदिरातील संगमरवरी मूर्ती त्यांनी घडवली. ७ ऑक्टोबर १९५४ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, तिची स्थापना झाली. तेव्हापासून आजपर्यंत कोट्यवधी लोक या मूर्तीपुढे उभे राहिले. विसाव्या शतकातल्या दुसऱ्या कुठल्या मराठी शिल्पकाराच्या कामाला इतके डोळे लाभले असतील असे वाटत नाही. तरीही कलेच्या वर्तुळाबाहेर त्यांचे नाव कोणाच्या तोंडी नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या माझ्यासारखीला हे आडनाव प्रथम ऐकताच थबकवते. आमच्याकडे 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत हाच शब्द आखाड्यासाठी आणि नाटकाच्या सरावासाठी वापरतात. आडनाव कशावरून पडले याच्या खोलात शिरायचे कारण नाही. पण शिक्षण, कसरत आणि सराव या तीनही गोष्टी ज्या कामात एकत्र आल्या, त्या कामाचा कर्ताच लोकांना अनोळखी राहिला, ही बाब विचार करायला लावणारी आहे.

मुस्लिम लेखकांच्या या अंकात एका मूर्तीवर आणि मूर्तिकारावर लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. तो रास्त आहे. मूर्तिपूजा आपल्या दीनात नाही आणि या लेखाचा विषयही पूजा नाही. विषय आहे तो एका कारागिराच्या कामाचा आणि त्या कामात त्याने काय जपले याचा. माझे म्हणणे थोडक्यात असे की, साईबाबांचे फकीरपण पुसत जाण्याच्या काळात तालीम यांनी ते दगडात टिकवून ठेवले. त्यांचा वारसा जपणे म्हणजे त्या फकिराची साक्ष जपणे होय. त्यामुळे हा विषय आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी पाहू. साईबाबा शिर्डीत ज्या जागी राहिले ती एक जुनी पडकी मशीद होती. तिला ते स्वतः द्वारकामाई म्हणत. तिथे धुनी पेटती असे आणि 'अल्ला मालिक' हे शब्द त्यांच्या ओठांवर असत. १८९७ पासून शिर्डीत उरूस भरू लागला. तो रामनवमीच्या दिवशी भरत असे आणि त्यात संदलची मिरवणूकही निघू लागली. १९१२ पासून त्या दिवशी रामजन्माचा उत्सव होऊ लागला आणि पुढे उत्सवाची ओळख रामनवमी हीच झाली. संदल मात्र चालू राहिला. १५ ऑक्टोबर १९१८ रोजी बाबांचे देहावसान झाले. दफन कोठे करावे यावर गावात मतभेद झाले. मोकळ्या जागेत वेगळी कबर असावी असे काहींना वाटत होते. अखेर नागपूरचे गोपाळराव बुटी यांनी बांधलेल्या वाड्यात त्यांना पुरण्यात आले. तो वाडा मुळात मुरलीधराच्या मंदिरासाठी योजलेला होता. ही माहिती भक्तांच्या परंपरेतच नोंदलेली आहे. साधा मुद्दा असा की, आज जिथे समाधी मंदिर आहे तिथे मूळ वस्तू एक कबर आहे. १९५४ साली जी मूर्ती आली ती त्या कबरीच्या मागे बसवली गेली.

१९१८ ते १९५४ ही छत्तीस वर्षे तिथे मूर्ती नव्हती. तेव्हा येणाऱ्याचे मस्तक कबरीपुढे झुके. मूर्ती आल्यावर नजर वर गेली, चेहऱ्यावर स्थिरावली, आणि कबर हळूहळू मूर्तीच्या पुढ्यातला चौथरा वाटू लागली. आजही तिच्यावर वस्त्र चढवले जाते. ज्याला चादर ठाऊक आहे त्याला त्याचा अर्थ लगेच कळतो. एका जागेचे दर्गापण मागे पडून देऊळपण पुढे येण्यात या मूर्तीचा वाटा आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. मग अशा मूर्तीच्या शिल्पकाराला फकिराचा रक्षक कसे म्हणता येईल? याचे उत्तर मूर्तीतच शोधावे लागते, आणि त्यासाठी ती घडवणाऱ्याची रीत समजून घ्यावी लागते.

तालीम हे मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या परंपरेतले शिल्पकार. गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ मध्ये 'मंदिरपथगामिनी' हे शिल्प घडवले आणि मराठी माणसाला पाश्चात्त्य वास्तववादी शिल्पकलेचे वेड लावले. विनायकराव करमरकर, रघुनाथ फडके आणि तालीम ही त्यानंतरची पिढी. या शिल्पकारांच्या शिक्षणाचा पाया एकच होता: समोरचा माणूस जसा आहे तसा पाहणे. हाडांची ठेवण, स्नायूंचा ताण, कापडाची घडी, वयाने सैल पडलेली त्वचा यांचा वर्षानुवर्षे अभ्यास होई. आधी मातीचा नमुना, मग त्यावरून प्लास्टरचा साचा, मग मापे घेऊन संगमरवर, अशी कामाची पद्धत होती. देवाच्या मूर्तीसाठी शिल्पशास्त्रात ताल, प्रमाण, आयुधे, मुद्रा ठरलेल्या असतात. तिथे कारागीर परंपरेचे नियम पाळतो. जे. जे.च्या शिल्पकाराकडे असे तयार नियम नव्हते. त्याला व्यक्ती घडवायची असे.

साईबाबांची मूर्ती ही व्यक्तीची मूर्ती आहे, हे तिचे पहिले वैशिष्ट्य. तिला चार हात नाहीत, आयुध नाही, वाहन नाही, मस्तकामागे कोरलेले तेजोवलय नाही. आशीर्वादासाठी उचललेला हातही नाही. घरोघरच्या तसबिरींत तळहात समोर करून आशीर्वाद देणारे बाबा आपण पाहतो. शिर्डीच्या मूळ मूर्तीत तसे नाही. तिथे एक म्हातारा माणूस पायावर पाय टाकून निवांत बसला आहे. ही बैठक देवाची वाटत नाही आणि राजाचीही वाटत नाही. गावातल्या पारावर, दर्ग्याच्या ओट्यावर, दिवसभर फिरून आलेला फकीर जसा बसतो, तशी ती आहे. डोक्यावर मुकुटाऐवजी बांधलेले फडके आहे. अंगात पीतांबराऐवजी कफनी आहे. ही दोन वस्त्रे एवढी साधी आहेत की त्यांकडे लक्षच जात नाही. पण त्या माणसाची सगळी ओळख त्यांतच आहे.

तालीम यांच्यापुढची अडचण ध्यानात घेतली तर या कामाची किंमत अधिक कळते. बाबांची छायाचित्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तीही कृष्णधवल आणि जुन्या काळातली. शामराव जयकर यांनी रंगवलेले चित्र होते, पण चित्रही सपाटच. छायाचित्रात माणूस समोरून दिसतो. कानामागची मान कशी होती, पाठीला बाक किती होता, कफनीच्या आत दंड किती वाळलेला होता, हे ते सांगत नाही. शिल्पकाराला मात्र चारी बाजूंचे उत्तर द्यावेच लागते. जे दिसत नाही ते त्याला शरीराच्या ज्ञानावरून आणि माणसाच्या जाणिवेवरून भरून काढावे लागते. तिथे त्याला दोन वाटा होत्या. रिकाम्या जागा देवत्वाने भरायच्या, म्हणजे गाल भरीव, छाती रुंद, चेहरा तरुण आणि निर्विकार करायचा. किंवा त्या वयाने आणि भुकेने भरायच्या. तालीम यांनी दुसरी वाट धरली. त्यांचे बाबा वृद्ध आहेत. चेहऱ्यावर थकवा आहे आणि थकव्याआड आपुलकी आहे. भिक्षा मागून खाणाऱ्या माणसाचे ते अंग आहे.

या मूर्तीत उणे काहीच नाही असे म्हणता येणार नाही. संगमरवर हा श्रीमंत दगड आहे. त्याच्या शुभ्र, तुळतुळीत पृष्ठावर फाटक्या, धुरकटलेल्या कफनीचा खरबरीतपणा उतरत नाही. धुनीची राख, हातातले टमरेल, चिलीम, मशिदीची काळवंडलेली भिंत यांतले काहीच सोबत नाही. ज्या माणसाचे सगळे आयुष्य धूर आणि धुळीत गेले, तो इथे फार स्वच्छ झाला आहे. काळ्या बेसॉल्टमध्ये किंवा ब्राँझमध्ये ही मूर्ती घडली असती तर तिचा परिणाम वेगळा झाला असता. पण साहित्याची निवड ही बहुधा काळाची आणि श्रद्धेची मागणी असते. दिलेल्या साहित्यात कलावंत काय वाचवतो, यावर त्याचे मोल ठरवावे.

आता आख्यायिकांकडे वळू. भक्तांमध्ये सांगतात की संगमरवराचा तो ठोकळा इटलीहून मुंबईच्या गोदीत आला, कोणासाठी आला ते कळेना, आणि अखेर तो शिर्डीला मिळाला. असेही सांगतात की चेहरा साधेना तेव्हा बाबांनी तालीम यांना दर्शन देऊन आपला चेहरा नीट दाखवला. या कथांची खिल्ली उडवायची गरज नाही. निर्मितीच्या क्षणी काहीतरी आपल्या पलीकडून आले, असा अनुभव कलावंत सांगतच आले आहेत. उर्दू शायरीत त्याला 'आमद' म्हणतात. मेहनतीने जुळवलेल्या शेराहून आपसूक उतरलेला शेर श्रेष्ठ मानला जातो. पण 'आमद' झाली म्हणून कोणी गजलेच्या मक्त्यातून शायराचे नाव काढून टाकत नाही. मूर्तीच्या बाबतीत तेच घडले. चमत्काराची कथा घराघरात पोचली, आणि ज्याच्या हाताला तो चमत्कार झाला त्याचे नाव वाटेत गळाले. जे काम वर्षानुवर्षांच्या सरावाने साधले ते चमत्काराच्या खात्यावर जमा झाले, की कारागिराच्या खात्यावर काही उरत नाही.

धार्मिक कलेत नाव लावू नये, नम्रता हवी, असे काही जण म्हणतील. आपला इतिहास मात्र वेगळे सांगतो. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यावरील लेखात वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय यांची नावे आहेत. सतराव्या शतकातल्या एका मोगल कबरीवर एक मुसलमान आणि एक हिंदू शेजारी शेजारी उभे आहेत, आणि त्याने तिच्या पावित्र्याला काही बाधा आली नाही. ताजमहालावर कुराणाच्या आयती लिहिणाऱ्या अमानत खान शिराजी यांनी आपले नाव अत्यंत नम्र शब्दांत, पण ठळकपणे कोरून ठेवले आहे. नम्रता आणि नाव यांचे भांडण नाही. आमच्याच परिसरात याच्या उलट उदाहरण आहे. बदलापूरच्या अलीकडच्या अंबरनाथला शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलाहारकालीन लेख असलेले शिवमंदिर आहे. लेखामुळे राजाचे नाव हजार वर्षे टिकले. भिंतीवरची एकेक आकृती ज्यांनी कोरली त्यांच्यातला एकही जण आपल्याला नावाने माहीत नाही. तिथे हजार वर्षे लोटली आहेत. तालीम यांचे निधन १९७० साली झाले, म्हणजे अगदी काल. त्यांचे पुत्र हरीश तालीम हेही नावाजलेले शिल्पकार होते. इतक्या जवळच्या माणसाला आपण अंबरनाथच्या अनाम पाथरवटांच्या रांगेत बसवावे, हे काळाने केलेले नाही; आपण केले आहे.

नाव विसरल्याने काय बिघडते? मूर्ती तर आहेच. पण शिल्पकार विसरला की शिल्प पाहण्याची दृष्टीही जाते. आज शिर्डीत ही मूर्ती सोन्याच्या सिंहासनावर आहे. तिच्यावर भरजरी वस्त्रे असतात, हार असतात, आरतीच्या वेळी मुकुट असतो. भक्ताला आपल्या आवडत्याला नटवावेसे वाटते, ही भावना समजण्यासारखी आहे. तरी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. मुकुट चढला की फडके झाकते, शाल पडली की कफनी झाकते. तालीम यांनी बाबांच्या फकिरीच्या ज्या दोन खुणा विचारपूर्वक कोरल्या, नेमक्या त्याच झाकल्या जातात. दिवसाच्या बऱ्याच वेळात दर्शनार्थीला फक्त चेहरा दिसतो. त्या चेहऱ्यावरचा थकवा आणि भोवतालचे सोने यांचा मेळ बसत नाही. पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी हा विसंवाद जाणवतो, कारण शिल्पकाराने घडवलेला माणूस त्या थाटाचा नाही.

दुसरीकडे नकलांचा प्रश्न आहे. १९७७ साली मनोजकुमार यांचा 'शिर्डी के साईबाबा' आणि मनमोहन देसाई यांचा 'अमर अकबर अँथनी' हे दोन चित्रपट आले. दुसऱ्यात अकबर नावाचा मुसलमान कव्वाल महंमद रफी यांच्या आवाजात साईंपुढे गातो आणि मूर्तीच्या डोळ्यांतून निघालेल्या ज्योतींनी आंधळ्या आईला दृष्टी येते. त्यानंतर साईंच्या मूर्ती देशभर पसरल्या. प्लास्टर, फायबर, पितळ, जयपूरचा संगमरवर अशा सगळ्या माध्यमांत त्या झाल्या. त्यांतल्या बहुतेक तालीम यांच्याच बैठकीच्या नकला आहेत. नकलेत गाल भरले, ओठ लाल झाले, हात आशीर्वादाला उठला, मागे वलय आले. फकीर पायरी पायरीने देव झाला.

तरीही गंमत अशी की, पुसूनही तो फकीर पुसला गेला नाही. २०१४ मध्ये द्वारकापीठाचे शंकराचार्य स्वरूपानंद सरस्वती यांनी साईपूजेला जाहीर विरोध केला. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये वाराणसीतील काही मंदिरांतून साईंच्या मूर्ती हटवण्यात आल्या. बाबा मुसलमान होते, ते देव नव्हेत, हा या विरोधाचा सूर होता. म्हणजे ज्यांनी मूर्ती काढली त्यांना तिच्यातला फकीर दिसला, आणि ज्यांनी तिला मुकुट घातला त्यांना तो झाकावासा वाटला. दोघांच्या मधे तालीम यांचे शिल्प उभे आहे आणि त्याच्याकडे शिल्प म्हणून पाहणारा कोणी नाही. आपण मुसलमान वाचकही 'मूर्ती आहे, आपला संबंध नाही' म्हणून मान वळवतो. मग शिर्डीत एक फकीर मशिदीत राहत होता, त्याच्या दारी दोन्ही समाज येत होते, याची दगडातली साक्ष वाचणार कोण?

१९५४ या वर्षाला आणखी एक अर्थ आहे. बाबांची सेवा करणारे, त्यांच्यानंतर कबरीची देखभाल करणारे नांदेडचे अब्दुल बाबा याच वर्षी वारले. बाबांच्या बोलण्यातली टिपणे त्यांनी उर्दूत वहीत उतरवून ठेवली होती. ती वही कित्येक वर्षे दुर्लक्षित राहिली. पुढे मरियन वॉरेन या संशोधिकेने साईबाबांच्या सूफी परंपरेवरील १९९९ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तिचे भाषांतर छापले, तेव्हा ती जगापुढे आली. ज्या वर्षी कबरीचा मुजावर गेला त्याच वर्षी कबरीमागे मूर्ती आली. एकाची साक्ष उर्दू वहीत आहे, दुसऱ्याची संगमरवरात. वही वाचायला एक संशोधक मिळाली. दगड वाचायला अजून कोणी पुढे आलेले नाही.

हा वारसा जपायचा म्हणजे काय करायचे? पहिली निकड मूर्तीच्या देहाची आहे. संगमरवर मूलतः चुन्याचा दगड. दह्यासारखा आंबट पदार्थ, रोजचे स्नान, हातांचे घर्षण यांनी तो सूक्ष्म प्रमाणात झिजतो. आणि झीज आधी नाजूक जागी होते: पापणीची कड, नाकपुडी, ओठांची रेषा. म्हणजे शिल्पकाराची जी खरी करामत तीच आधी जाते. म्हणून मूर्तीची अचूक त्रिमितीय नोंद आणि सर्व बाजूंची, वस्त्राभरणाविना घेतलेली छायाचित्रे अभ्यासकांना उपलब्ध असायला हवीत. दुसरी गोष्ट म्हणजे मूळ नमुने, कागदपत्रे आणि तालीम यांची इतर शिल्पे यांची एकत्रित सूची. तिसरी गोष्ट अगदी स्वस्त आहे: दर्शनरांगेत सर्वांना वाचता येईल असा, शिल्पकाराचे नाव आणि चार ओळींचा परिचय देणारा मराठी, उर्दू व हिंदी फलक.

हे अशक्य नाही. करमरकरांच्या घरच्यांनी अलिबागजवळ सासवणे येथे त्यांची शिल्पे जपली, आणि आज लोक वाट वाकडी करून ती पाहायला जातात. गेटवे ऑफ इंडियाजवळचा शिवरायांचा अश्वारूढ पुतळा घडवणारे सदाशिव साठे २०२१ मध्ये गेले. त्यांचे शिल्पालय आमच्या लोकलच्या वाटेवर डोंबिवलीत आहे. शाळेच्या सहली तिथे जाऊ शकतात. तालीम यांच्या बाबतीत तर त्यांचे सर्वांत मोठे काम आधीच सुरक्षित जागी आहे, तिथे रोज हजारो लोक येतात. उणीव आहे ती त्यांना सांगणाऱ्याची.

आणि ही उणीव भरण्यात आपलाही वाटा असावा. आपल्या मुलांना आपण 'उस्तादाचा हक' शिकवतो. ज्याच्याकडून काही मिळाले त्याचे नाव अदबीने घ्यावे, हा त्याचा अर्थ. पूजा ज्याची त्याने करावी, न करणाऱ्याने न करावी. पण मशिदीत राहिलेल्या एका फकिराचे फडके आणि कफनी ज्याने सोन्याच्या गर्दीतही शाबूत ठेवली, त्या बाळाजी तालीम यांचे नाव घेण्यात आपल्या ईमानाला बाधा येत नाही. कारागिराचे ऋण मान्य करणे ही अमानत आहे, आणि अमानत परत करण्याची ताकीद आपल्याला आहे.